पोरांकडं इंग्लंडला निघालाय? न्यू फॉरेस्टसाठी दोन रात्री राखून ठेवा

आपल्या कोल्हापुरातली कितीतरी पोरं आता इंग्लंडला आहेत, कुणी लंडनला, कुणी रेडिंगला, आमची लेक साउथॅम्प्टनला, आणि त्यांच्यामागनं आईबाप सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर जाऊन येतात. होतं काय, पहिल्या पंधरवड्यात लंडन बघून होतं, मग एखाद्या शनिवार-रविवारी गाडीनं कुठंतरी चक्कर, आणि बाकीचे दिवस पोरं ऑफिसात आणि आपण फ्लॅटच्या खिडकीत. रंकाळ्यावर फिरायला गेलं की कुणी ना कुणी विचारतंच, तिकडं अजून बघण्यासारखं काय हाय हो? माझं उत्तर ठरलेलं आहे, न्यू फॉरेस्टला जा, आणि एका दिवसात उरकू नका, दोन रात्री तरी राहा. कसं जायचं, काय बघायचं ते सगळं खाली लिहितोय.

आधी हे आहे काय ते सांगतो. इंग्लंडच्या दक्षिणेला हॅम्पशायरमध्ये, साउथॅम्प्टन आणि बोर्नमथच्या मधला हा भाग. १०६६ साली इंग्लंड जिंकलेल्या विल्यम राजानं १०७९ च्या सुमारास हा मुलूख स्वतःच्या शिकारीसाठी राखीव केला, आणि २००५ साली हे नॅशनल पार्क झालं. पण दाजीपूरसारखं गच्च रान डोक्यात ठेवून जाऊ नका. ओक आणि बीचची जुनी झाडी आहेच, पण तेवढाच उघडा माळ पण आहे, त्यावर हेदर नावाची गुडघ्याएवढी झुडपं, पिवळ्या फुलांची काटेरी गॉर्स, मधनं ओढे, दलदल, आणि ह्या सगळ्याच्या पोटात वसलेली गावं. गावाला वेस नाही की कुंपण नाही, माळ संपतो तिथं घरं सुरू होतात.

आणि ह्या माळावर, रस्त्यावर, दुकानाच्या दारात घोडी फिरत असतात. बुटकी, जाड मानेची, पाच हजारांच्या आसपास आहेत म्हणे, शिवाय गाई आणि गाढवं. बघणाऱ्याला वाटतं जंगली असतील, तसं नाही. प्रत्येक घोडीला मालक आहे. ज्यांच्या घराला किंवा जमिनीला जुना चराईचा हक्क आहे त्यांना तिथं कॉमनर म्हणतात, आणि त्यांची जनावरं मालकी असूनही मोकळी चरतात. म्हणजे आपल्याकडचं गायरान समजा, फक्त ते भलंमोठं आणि अजून जसंच्या तसं चालू असलेलं. आपल्या गायरानांचं काय झालं ते आपण बघतोच, कुठं अतिक्रमण, कुठं कोर्टकचेरी, म्हणून मला ह्या जागेचं एवढं अप्रूप आहे. तिथं पण राजाविरुद्ध, सरकारविरुद्ध भांडणं झाली, नौदलाच्या जहाजांसाठी ओक लावायला मोठमोठे तुकडे कुंपण घालून बंद केले होते, शेवटी १८७७ च्या कायद्यानं कॉमनर लोकांचे हक्क पक्के झाले आणि व्हर्डरर नावाच्या पंचांचं कोर्ट नव्यानं उभं राहिलं. ते कोर्ट आजही लिंडहर्स्ट गावात भरतं.

घोडी जवळ आली की तिची शेपटी बघा. शेपटीचे केस खालून पायऱ्या-पायऱ्यांनी कापलेले असतात. शरद ऋतूत घोडी हाकून एकत्र आणतात तेव्हा कोर्टाची माणसं, ज्यांना अजिस्टर म्हणतात, ती असं कापतात. त्या वर्षीची चराईची फी भरली ही त्याची खूण, आणि प्रत्येक अजिस्टरच्या हद्दीचा कट वेगळा, त्यामुळं घोडी कुठल्या भागातली ते लांबनं कळतं. अंगावरचा डाग असतो तो मालकाचा. काहींच्या गळ्यात चमकणारा पट्टा असतो, रात्री गाडीच्या उजेडात दिसावी म्हणून. हे एवढं माहीत असलं ना, की नुसती घोडी बघणं आणि हे बघणं ह्यात फार फरक पडतो.

आता नियम, हे घरातल्या सगळ्यांना, खास करून पोराटोरांना आधीच सांगून ठेवा. घोड्यांना, गाढवांना काही खायला घालायचं नाही आणि हात लावायचा नाही. गाजर नाही, ब्रेड नाही, सफरचंद नाही. २०२३ पासून हा लेखी आदेश आहे आणि मोडला तर दंड होतो. मुक्या जनावराला घास घालणं आपल्याकडं पुण्याचं काम, त्यामुळं आपल्या बायकामाणसांचा हात आपोआप पिशवीकडं जातो हे मी बघितलंय. पण तिथं त्याचा परिणाम असा होतो की खायला मिळतं म्हणून घोडी रस्त्याकडेला, पार्किंगला येऊन थांबतात, लाथा मारतात, चावतात आणि गाडीखाली येतात. दुसरं, चूल, शेकोटी, बार्बेक्यू पूर्ण बंद, सुका हेदर पेटला की मैलभर माळ जळतो. तिसरं, गाडी चालवणार असाल तर माळावरनं जाणाऱ्या बहुतेक रस्त्यांवर वेगमर्यादा ताशी ४० मैल आहे आणि रस्त्याला कुंपण नाही, जनावर आडवं आलं की थांबायचं, हॉर्न मारायचा नाही, ते आपणहून जाईपर्यंत बसून राहायचं. संध्याकाळनंतर तर ४० पण जास्तच.

जायचं कसं

माझं स्पष्ट मत, रेल्वेनं जा. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवरनं ब्रॉकनहर्स्टला थेट गाडी आहे, दीड-पावणेदोन तास लागतात. साउथॅम्प्टनवरनं तर वीसेक मिनिटंच. स्टेशन गावातच आहे, उतरलं की आलंच. सकाळच्या ऑफिसच्या वेळेतली तिकिटं महाग, जरा उशिरा निघालात तर ऑफ-पीक मिळतं. आणि ६० पूर्ण झालेल्यांनी सीनियर रेलकार्ड नक्की काढा, त्याला तिथलं रहिवासी असावं लागत नाही, पासपोर्ट दाखवून मिळतं आणि तिकिटात एक तृतीयांश सूट बसते. आईवडील दोघंही जाणार असतील तर एका-दोन प्रवासातच त्याचे पैसे वसूल.

आत फिरायला ब्लूस्टारची ६ नंबरची बस साउथॅम्प्टन, लिंडहर्स्ट, ब्रॉकनहर्स्ट, लिमिंग्टन अशी जाते. उन्हाळ्यात वरनं उघडी दुमजली टूर बस पण असते, हिरवा, लाल, निळा असे तीन मार्ग, दिवसभराचं तिकीट काढून कुठंही चढा कुठंही उतरा. पोरं सोबत असतील तर एक दिवस ती करा, उंचावर बसल्यावर कुंपणापलीकडचं सगळं दिसतं. बाकीच्या दिवसांत ब्यूलीकडं, बर्लीकडं बस फार कमी, तेव्हा टॅक्सी किंवा सायकल.

सायकलचं सांगायचं तर ब्रॉकनहर्स्टमध्ये भाड्यानं मिळते, जंगलातनं शंभर मैलांहून जास्त खडीचे रस्ते सायकलसाठी आखून दिलेत, चौकाचौकात नंबर घातलेले खांब आहेत, नकाशात तोच नंबर असतो. ब्रॉकनहर्स्टपासून होम्सलीकडं जुन्या बंद पडलेल्या रेल्वेच्या मार्गावरनं जाणारा रस्ता आहे, चढ जवळपास नाही, पन्नाशीतल्या माणसालाही आरामात जमतो. मोबाईलला रेंज आत गेल्यावर जाते-येते, म्हणून मॅप आधी डाउनलोड करा, नाहीतर ऑर्डनन्स सर्व्हेचा ओएल २२ नंबरचा कागदी नकाशा घ्या, तो घेतलेलाच बरा.

ब्रॉकनहर्स्ट, इथं मुक्काम करा

राहायला हेच गाव. स्टेशन, दुकानं, सायकल, खाणं सगळं चालत. मुख्य रस्त्याच्या खालच्या टोकाला रस्त्यावरनंच ओढा वाहतो, त्याला वॉटरस्प्लॅश म्हणतात, गाड्या पाण्यातनं जातात आणि घोडी तिथं उभ्या राहून पाणी पितात. संध्याकाळी तिथं नुसतं बसलं तरी वेळ जातो.

पण ह्या गावात आपल्या माणसानं न चुकता जावं अशी जागा म्हणजे सेंट निकोलस चर्च. स्टेशनपासून पंधरा-वीस मिनिटं चालत, एका टेकाडावर. अंगणात हजार वर्षांहून जुनं यू चं झाड आहे. पहिल्या महायुद्धात १९१४ साली फ्रान्समध्ये लढायला आपल्या लाहोर आणि मेरठ डिव्हिजन गेल्या होत्या, त्यातल्या जखमी हिंदी सैनिकांसाठी ह्या गावात दवाखाना उघडला, लेडी हार्डिंग हॉस्पिटल. गावातली दोन मोठी हॉटेलं पण त्यासाठी घेतली होती. गावात आजही मेरठ रोड नावाचा रस्ता आहे, पाटी बघून या. नंतर न्यूझीलंडच्या सैनिकांचा दवाखाना झाला, त्यांच्या कबरी चर्चच्या अंगणात ओळीनं आहेत.

आणि तिथंच एक दगड आहे, सुखा नावाच्या माणसाचा. बरेलीचा, त्या दवाखान्यात सफाईचं काम करायला आलेला, १२ जानेवारी १९१५ ला न्यूमोनियानं गेला, वय ३०. असं सांगतात की जातीमुळं त्याच्या अंत्यसंस्काराला हिंदू पुढं आले नाहीत, मुसलमानांनीही त्याला आपल्या दफनभूमीत घेतलं नाही, तेव्हा ह्या गावच्या पाद्रीनं त्याला आपल्या चर्चच्या जमिनीत जागा दिली आणि गावकऱ्यांनी वर्गणी काढून दगड उभा केला. दगडावर त्याचं गाव, मोहल्ला सगळं कोरलंय, आणि धर्मानं तो ख्रिश्चन नव्हता पण दुसऱ्यांच्या भल्यासाठी त्याचं आयुष्य कामी आलं, अशा अर्थाचा मजकूर आहे. ज्या गावात शाहू महाराज गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात जाऊन चहा घ्यायचे त्या गावच्या माणसानं इथं दोन मिनिटं उभं राहिलंच पाहिजे. पोरांना घेऊन जा, त्यांना गोष्ट सांगा. टूरवाले ही जागा दाखवत नाहीत, त्यांना वेळ नसतो.

त्याच अंगणात ब्रशर मिल्सची कबर आहे, १९०५ साली गेला. हा जंगलात झोपडी करून राहायचा आणि साप पकडायचा, हजारोंनी पकडले म्हणतात. बत्तीस शिराळ्याची नागपंचमी बघितलेल्या माणसाला त्या दगडावरचं कोरीवकाम बघायला मजा वाटेल.

लिंडहर्स्ट, मोठी झाडं आणि हरणं

दुसऱ्या दिवशी लिंडहर्स्ट. हे ह्या भागाचं मुख्य गाव, कोर्ट इथंच. हेरिटेज सेंटरचं म्युझियम फुकट आहे, पहिल्यांदा तिथं जा म्हणजे पुढचं सगळं नीट कळतं. मुख्य रस्त्यावर ट्रॅफिक खूप असतं, उन्हाळ्यात दुपारी अडकायला होतं, म्हणून गावात लांबड लावू नका, लवकर बाहेर पडा.

ऱ्हाइनफील्डच्या रस्त्यावर ब्लॅकवॉटरला टॉल ट्रीज ट्रेल आहे, अडीच किलोमीटरच्या आतबाहेरची सपाट वाट, दुतर्फा १८५० च्या दशकात लावलेले डग्लस फर आणि अमेरिकेतनं आणलेले सिक्वोया, पन्नास मीटरच्या आसपास उंच. सिक्वोयाच्या खोडावर मूठ हळूच मारून बघा, साल स्पंजसारखी मऊ लागते, काही दुखत नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी बाकी काही नाही केलं तरी ही वाट करावी. तिथनं पुढं नाइटवुड ओक, घेर सात मीटरहून जास्त, पाचशे वर्षांच्या आसपासचं झाड. डोक्याच्या थोडं वर एकदम कितीतरी फांद्या फुटलेल्या दिसतात कारण पूर्वी लाकडासाठी झाड तिथं छाटायचे, जनावरांचं तोंड पोचणार नाही एवढ्या उंचीवर, म्हणजे नवी फूट वाचते.

बोल्डरवूडला हरणं बघायला लाकडी मचाण आहे, खाली कुरणात ठिपक्यांची फॅलो हरणं येतात. दुपारी गर्दीत गेलात तर हरणं लांब बसलेली असतात, सकाळी लवकर किंवा दिवस कलताना जा आणि आवाज करू नका. स्पीकरवर गाणी लावू नका एवढी कळकळीची विनंती आहे. ह्या ठिकाणांना बस नाही, गाडी, टॅक्सी नाहीतर सायकल.

वेळ उरला तर मिनस्टेड. छोटं गाव, चर्चच्या मागं झाडाखाली शेरलॉक होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉयल ह्यांची कबर आहे. जवळच रूफस स्टोन. विल्यमचा मुलगा रूफस, तोही राजा, २ ऑगस्ट ११०० ला शिकारीत बाण लागून मेला, ती ही जागा असं मानतात. अपघात की घातपात ह्यावर अजून वाद आहे. दगड आता लोखंडी आवरणात आहे, त्यावरचा मजकूर तिन्ही बाजूंनी फिरून वाचायचा.

ब्यूली आणि बकलर्स हार्ड

नाव ब्यूली असंच म्हणायचं, स्पेलिंग फ्रेंच आहे, अक्षरं वाचून विचारलंत तर ड्रायव्हरला कळणार नाही. इथं १२०४ साली जॉन राजानं मठ स्थापन केला, १५३८ मध्ये आठव्या हेन्रीनं तो मोडला. पडके अवशेष आहेत, पण साधूंचं जेवणघर शाबूत राहिलं आणि तेच आता गावचं चर्च आहे. आत गेल्यावर भिंतीतच वर चढत जाणाऱ्या दगडी पायऱ्या आणि सज्जा दिसतो. बाकीचे गप्प जेवताना एक साधू तिथं उभा राहून धर्मग्रंथ वाचायचा.

त्याच आवारात नॅशनल मोटर म्युझियम. उद्यमनगरात वाढलेल्या, फाउंड्रीत, इंजिनात हात काळे केलेल्या माणसाला इथनं ओढून बाहेर काढावं लागतं. १९२७ साली ताशी २०० मैलांचा वेग पहिल्यांदा ओलांडणारी सनबीम इथली, १९२९ ची गोल्डन ॲरो इथली, आणि १९६४ साली ४०० मैलांच्या पुढं गेलेली ब्लूबर्ड पण. तिकीट महाग आहे, आधी ऑनलाइन काढा आणि अर्धा दिवस द्या, तासाभरासाठी जाऊ नका.

तिथनं नदीकाठानं चालत बकलर्स हार्डला जाता येतं, साधारण चार किलोमीटर, वाट सपाट. पोचल्यावर दोनच ओळी घरांच्या, मधे रुंद हिरवं मैदान थेट नदीत उतरणारं. मैदान एवढं रुंद का, तर तिथं ओकचे ओंडके रचून ठेवायचे आणि खाली युद्धनौका बांधायचे. इंग्रज नौदलाचा सेनानी नेल्सन, त्याची ॲगमेम्नॉन ही युद्धनौका १७८१ मध्ये इथंच पाण्यात उतरली, १८०५ च्या ट्रफाल्गरच्या लढाईत इथं बांधलेली तीन जहाजं होती. जंगल का राखलं, कुंपणं का घातली, कॉमनर का भांडले ह्याचं उत्तर ह्या मैदानावर उभं राहिलं की मिळतं.

बर्ली गाव फोटोसाठी छान आहे, १९५० च्या दशकात सिबिल लीक नावाची स्वतःला चेटकीण म्हणवणारी बाई तिथं खांद्यावर पक्षी घेऊन फिरायची, त्यावर सगळी दुकानं चालतात. तासभर पुरतं.

कधी, काय घालून, काय खाऊन

मे-जूनमध्ये नवी शिंगरं दिसतात. ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात हेदर फुलून सगळा माळ जांभळा होतो, पण शाळांच्या सुट्ट्या असल्यानं राहायचं महाग. माझ्या मते सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर सगळ्यात चांगला, गर्दी कमी, आणि तेव्हा कॉमनर आपली डुकरं जंगलात सोडतात. हिरवी ओकफळं घोड्या-गाईंना विषारी असतात, डुकरांना पचतात, म्हणून पडलेली फळं डुकरांनी खाऊन साफ करायची, शेकडो वर्षांची पद्धत आहे ही. ऑक्टोबरात हरणांचे नर पण एकमेकांना आव्हान देत ओरडत असतात, लांबूनच बघा, जवळ जाऊ नका. डिसेंबरात चारला अंधार पडतो, तेव्हा पहिल्यांदा जाणाऱ्यांनी टाळा.

बूट पाणी न शिरणारे हवेत, स्पोर्ट्स शूज दहा मिनिटांत भिजतात. माळावर एखादा तुकडा एकदम पोपटी हिरवा, मऊ गालिच्यासारखा दिसला तर त्यावर पाय टाकू नका, ती दलदल असते. झुडपातनं चालताना पँट मोज्यात खोचा, कारण गोचिडी असतात आणि त्यांच्यापास्नं लाइम नावाचा आजार होतो, रूमवर आल्यावर गुडघ्यामागं, काखेत, पोरांच्या केसांत बघून घ्या. ॲडर नावाचा विषारी साप आहे, उन्हाला पडलेला असतो, आपण डिवचला नाही तर तो निघून जातो.

खाण्याचं सांगायचं तर पबला घाबरू नका, तिथले पब म्हणजे सहकुटुंब जेवायची जागा, पोरं, आजीआजोबा सगळे असतात. शाकाहारी माणसाला जॅकेट पोटॅटो, सूप, व्हेज पाय हमखास मिळतं, दुपारी क्रीम टी घ्या, स्कोन, जॅम आणि घट्ट साय. फक्त दुपारचं किचन दोन-अडीचला बंद होतं आणि रविवारी टेबल आधी सांगून ठेवावं लागतं. तिखटाची सोय आपली आपण, कांदा-लसूण मसाल्याची पुडी नाहीतर शेंगदाण्याची चटणी बॅगेत असू द्या. पण खवा, पेढे, तूप, मटणाचं लोणचं इथनं नेऊ नका, भारतातनं दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला तिथं बंदी आहे, एअरपोर्टवर काढून घेतात.

तिसऱ्या दिवशी परतायच्या आधी ब्रॉकनहर्स्टवरनं छोटी गाडी दहा मिनिटांत लिमिंग्टनला जाते, शनिवार असेल तर तिथं हाय स्ट्रीटवर बाजार भरतो, आणि धक्क्यावरनं आइल ऑफ वाइट बेटाला फेरीबोट सुटते, चाळीस मिनिटांची. समुद्र बघितला की त्याच गाडीनं मागं. परतीचा दिवस रविवार असेल तर आदल्या रात्री रेल्वेच्या ॲपवर बघून घ्या, रविवारी लाइनच्या दुरुस्तीची कामं काढतात आणि मधल्या टप्प्यात गाडीऐवजी बसनं नेतात, त्यात तास-दीड तास जादा जातो.